ताकाचे दोन पेले

रविवारी फाफडा-जलेबीचा फडशा पडला की जसवंतभाईंना हमखास तो खेळ सुचायचा. जामनगरच्या त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. चार वर्षांच्या पुतणीसमोर, ध्यानीसमोर, ते सारख्याच दोन पेल्यांत सारखंच ताक ओतायचे.

"सारखं ना, बेटा?"

"सारखं!"

मग एका पेल्यातलं ताक उंच, अरुंद ग्लासात. "आता जास्त कुठे?"

"यात!" ध्यानी टाळ्या वाजवत उंच ग्लास दाखवायची. पाहुणे खो-खो हसत सुटायचे.

"बघा, इंजिनिअरची पोरगी!" जसवंतभाई म्हणायचे. "परवा एका पेढ्याचे चार तुकडे करून दिले, तर चार पेढे मिळाले म्हणून नाचली!"

तिची आई झरणा दारातून कसनुसं हसायची. मोठे दीर, बोलणार काय?

एके दिवशी बालमंदिरातल्या शिक्षिका रसीलाबेननी झरणाला थांबवून घेतलं.

"काही विचारलं की ध्यानी वस्तूकडे बघतच नाही, माझ्या तोंडाकडे बघते. मी हसणार तर नाही ना, ते आधी तपासते. घरी कोण हसतं तिला?"

झरणानं सगळं सांगितलं. रसीलाबेननी तोंड वाकडं केलं, काहीतरी सडकं समोर आल्यासारखं.

"अहो, या वयात उंची तेवढी नजरेत भरते, रुंदी ध्यानात येत नाही. सहा-सात वर्षांची झाली की आपोआप कळेल. दुधाचे दात अजून पडले नाहीत म्हणून हसता का तिला? आणि तुम्ही काय करत होता?"

"मी... मीपण हसायचे." झरणाला स्वतःचीच शिसारी आली.

पुढच्या रविवारी पुन्हा पेले मांडले गेले.

"आता जास्त कुठे?"

ध्यानीनं काकांकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं. "तुम्ही सांगाल ते."

हेच ऐकायचं राहिलं होतं!

"पुरे, मोटाभाई!" झरणा पुढे झाली. "एवढ्याशा लेकराला फसवून करमणूक करायची? ओंगळ खेळ आहे हा! किळस येते मला. माझ्या हसण्याचीसुद्धा!"

"अगं, गंमत..."

"गंमत कुणाची? विचार करायचं सोडून आपली तोंडं बघतेय ती!"

जसवंतभाईंनी ध्यानीकडे हात केला. ती अंग चोरून आईमागे सरली. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. पाहुण्यांदेखत ते जमिनीवर बसले.

"चुकलं माझं, बेटा. कुणी हसणार नाही. तुला काय दिसतं, सांग."

आईच्या आडून डोकावत ती कुजबुजली, "ताक वर चढलंय."

"चढलंय खरं," ते हळूच म्हणाले.

वाचकहो, मूल चुकीचं बोलतं तेव्हाही ते स्वतःच्या डोक्यानं विचार करत असतं. त्याला हसून आपण एकच धडा देतो: विचार करू नकोस, मोठ्यांची तोंडं बघ. पुढे तीच मुलं होयबा निघाली की बोटं मोडायलाही आपणच! मुलांना हसू नका. त्यांना काय दिसतं ते विचारा, आणि गप्प राहून ऐका.