चौदा जणांचा बटाटा

फ्रिजचं दार उघडलं की ते पातेलं दिसायचं, आणि पातेलं दिसलं की अवनीचं तोंड फुगायचं. काल तिचा दहावा वाढदिवस होता. आईने वीस मुलांच्या पावभाजीसाठी बटाटे उकडून, कुस्करून ठेवले होते. आली मात्र सहाच. नेमकी त्याच वेळी पेठेच्या संघाची फुटबॉलची फायनल होती, आणि कोल्हापुरात राहून ही गोष्ट घरात एकाच्याही लक्षात आली नव्हती. न आलेल्या चौदा जणांचा बटाटा तसाच राहिला.

"आबा, हा टाकून द्या," अवनी म्हणाली. "आणि त्या सम्राटशी नि स्नेहलशी मी जन्मात बोलणार न्हाय."

आबा म्हणजे तिचे आजोबा, सयाजीराव. गडमुडशिंगीच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तर होते.

"नको बोलूस," ते म्हणाले. "पण बटाट्यानं तुझं काय घोडं मारलंय? चल, वडे करू."

कढईजवळ आबा आणि परातीजवळ अवनी, असं ठरलं. अवनीने बटाट्यात मीठ, तिखट, कोथिंबीर घातली आणि पहिला वडा थापला. आबांनी तो पाहिला, पण तसाच तेलात सोडला. वडा फसफसला आणि बघता बघता त्याचा चुरा होऊन कढईभर पसरला.

"फुटला की वो!"

"का फुटला?"

"तुम्हाला ठाऊक हाय. तुम्हीच सांगा की."

"मला ठाऊक असून काय उपयोग? वडा तू केलायस."

अवनीने कुरकुरत बटाट्याचा गोळा मुठीत दाबला. तळहात ओला झाला. "रात्रभर फ्रिजात राहून ह्याला पाणी सुटलंय."

"शाब्बास! मग ते पाणी पिऊन टाकणारं काहीतरी शोध. कोरडं, तहानलेलं."

अवनीने फळीवरचे डबे उघडून पाहिले. बेसन होतं, रवा होता. मग तिच्या हाताला भडंगाचा डबा लागला. चुरमुऱ्यांचं कोरडं, लसणीचं, तिखट भडंग. तिने आबांकडे पाहिलं. आबांनी मुद्दाम छताकडे पाहिलं. मग तिने स्वतःच दोन वाट्या भडंग लाटण्याखाली भरडलं. निम्मं बटाट्यात मळलं, निम्म्यात वडे घोळवले.

आबांनी कढईतला चुरा काढला, बंद केलेला गॅस पुन्हा पेटवला आणि तेलात बटाट्याची चिमूटभर गोळी टाकली. ती तळाशी जाऊन बसली. "तेल अजून झोपलंय," ते म्हणाले. थोड्या वेळाने टाकलेली दुसरी गोळी मात्र टुणकन वर आली. मग त्यांनी वडा सोडला. या वेळी तो अंग आवळून तरंगत राहिला आणि झाऱ्यावर आला तो खरपूस, काटेरी होऊनच. अवनीने फुंकर मारून घास घेतला. कुर्रर्र!

सगळ्या बटाट्याचे वडे झाले. दोघांनी पोटभर खाल्ले, तरी ताट भरलेलंच. खालच्या मैदानातून चेंडूचा आणि सम्राटच्या ओरडण्याचा आवाज येत होता. अवनी खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा गेली.

"मी बोलणार न्हाय म्हणालेय," ती पुटपुटली.

"मग नको बोलूस. नुसतं ताट समोर धर."

अवनी खाली गेली. कट्ट्यावर ताट आदळलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. पोरं खेळ सोडून धावली.

"अवने, काल आम्ही..." स्नेहल म्हणाली. अवनीने मान फिरवली.

सम्राटने वडा मोडून वास घेतला. "काय लावलंय गं वरनं?"

अवनी गप्प.

"मला कळलं! चकली कुस्करलीय. शिळी चकली."

अवनीच्या ओठांची चुळबुळ झाली.

"व्हय व्हय, दिवाळीतलीच असणार," सम्राट सगळ्यांना सांगू लागला.

"शिळी चकली न्हाय रे, येड्या! भडंग हाय, भडंग! माझं मी शोधलंय!"

"बोलली, बोलली!" पोरांनी एकच गलका केला. अवनीला हसू आवरेना.

"चुकलंच गं आमचं," स्नेहल हळूच म्हणाली. "मॅच पेनल्टीपर्यंत गेली. निघावं म्हटलं तर पायच हलंनात."

अवनीने ताटातला एक वडा उचलला आणि कट्ट्यावर बसायला जागा केली.

"बस हितं," ती म्हणाली. "आणि पहिल्यापासनं सांग. शेवटची पेनल्टी कुणी मारली?"