जमिनीवरची लूलू

माझ्या लूलूला कुणी माकड म्हटलं की माझी तार सटकते. गिबन आहे ती. शेपूट नाही, आणि हात एवढे लांब की उभी राहिली तर बोटं जमिनीला टेकतात. आमचे हे, उपेंद्र, मुद्दाम म्हणतात, "चला, माकडीणबाईंकडे सोडतो तुला," आणि मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागात वर्कशॉपला जाता जाता मला रेस्क्यू सेंटरच्या गेटशी उतरवतात.

मी मूळची पुण्याची नर्स, यांच्या नोकरीपायी इथे आखातात आलेली. मुलगी कॉलेजला गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून ही नोकरी धरली. जखमी ससाणे, कुणी टाकून दिलेली कासवं, आणि लूलू. तान्ही असताना कुण्या हौशी माणसानं तिला चोरून मागवलं होतं. व्हिलात, एसीत, डायपर बांधून सोफ्यावर वाढली बिचारी. आमच्याकडे तिला उंच पिंजरा दिला, वर दोरखंड आणि फांद्या. ही आपली खाली जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन. गिबन कधी जमिनीवर बसतात का? छे! मी दिसले की दोन्ही हात वर करायची, घे म्हणून. मीही घ्यायची. सुट्टीत घरी आली की लेक म्हणायची, "मॉम, यू स्मेल लाइक अ झू." म्हणू दे. मी भरवल्याशिवाय लूलू घास घेत नव्हती, आणि खरं सांगते, मला त्याचा माजच होता.

एक दिवस आमची डॉक्टर नबिला, ती लखनौची, मला बाजूला घेऊन म्हणाली, "समिधा दीदी, कल से आप उसके सामने मत जाइए."

लूलूच्या शेजारच्या पिंजऱ्यात एक काळाभोर नर आणून ठेवला होता. मधे फक्त जाळी. थायलंडचं एक केंद्र दोघांना जंगलासाठी तयार करणार होतं, पण जोडी जमली तरच. आणि जोडी जमली हे कळतं गाण्यावरून, नर-मादी मिळून गातात. हा रोज सकाळी गळा फाडायचा, ही ढिम्म.

"उसकी दुनिया में बस आप हैं," नबिला म्हणाली. "नहीं गाई, तो सारी उम्र यहीं रहेगी. अकेली."

माझं डोकंच फिरलं. "मग काय उपाशी मारू तिला?" मी मराठीतच ओरडले.

मी जायचं बंद केलं आणि लूलूनं खाणं सोडलं. मी दाराच्या फटीतून बघायची, कलिंगडाच्या फोडी तशाच सुकलेल्या. घरी मला वरणभात गिळवेना. मन चिंती ते वैरी न चिंती, नाही नाही ते डोक्यात यायचं. शेवटी नबिलाच इथल्या अरबी ढंगात म्हणाली, "खलास, बस हो गया, जाइए. जान तो बचे."

सकाळचं दमट धुकं अजून पिंजऱ्यात होतं. मी आत पाऊल टाकलं तशी लूलू धावत येऊन छातीला बिलगली. हाडं लागत होती हाताला. तेवढ्यात शेजारच्यानं सूर लावला, आणि लूलू ताठ झाली. मला वाटलं, झटका आला हिला.

झटका नव्हता. तिच्या छातीत काहीतरी घुमायला लागलं. आधी बारीक, मग सूर चढायला लागला, एकेक पायरी, आणखी वर, आणखी वर, आणि माझ्या स्वतःच्या बरगड्या थरथरायला लागल्या. अगं आई गं! एवढ्याशा उपाशी जिवात हा आवाज मावला होता कुठे? माझ्या कानठळ्या बसत होत्या. जन्मात हिनं दुसऱ्या मादीचा आवाज ऐकलेला नाही. ऐकला तो टीव्ही आणि एसी. कुणी शिकवलं हो हिला हे? कुणीही नाही. अख्खं रान तिच्या आत आधीपासून होतं, आणि मी वेडी तिला कलिंगड भरवत बसले होते! माझ्या अंगावर सरसरून काटा आला. देवासमोरसुद्धा कधी आला नव्हता असा.

सूर टिपेला पोचला आणि तिची पकड सुटली. तिनं दोरखंड धरला. एक हात, दुसरा हात, परत पहिला. जन्मभर जमिनीवर बसलेली ती बाई बघता बघता छताशी, जाळीला भिडलेली! तिचं संपेपर्यंत तो थांबला, मग त्यानं उत्तर दिलं. लगेच हिनं पुन्हा सुरुवात केली.

मी खाली, हात अजून तसेच, तिला धरल्यासारखे. एक हाक मारली असती तर ती उतरली असती. शंभर टक्के उतरली असती. नाव अगदी जिभेवर आलं होतं.

मी तोंडावर हात दाबला, पाठमोरी झाले आणि दार लावून घेतलं. बाहेर नबिला उभी होती. तिच्या गळ्यात पडून मी हमसून हमसून रडले, आणि आत लूलू गातच होती.