आमच्याच खाडीची बोय

पट्टी याही वेळी पांढरीच राहिली.

"मॅडम, हे तर बाटलीतलं शुद्ध पाणी," प्रदूषण मंडळाकडून पाहणीला आलेले साहेब म्हणाले. "यातही विष आहे का?"

मागे उभे असलेले दोन प्राध्यापक फिदीफिदी हसले. नूतनचे कान तापले. रोह्याच्या कॉलेजात ती केमिस्ट्रीची डेमॉन्स्ट्रेटर. पेणहून एसटीने यायचं, मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्यांचा हिशेब द्यायचा, आणि उरल्या वेळात एकच वेड: नदीकाठच्या कंपनीतून खाडीत येणारं कीटकनाशक पकडणारा स्वस्त बायोसेन्सर. माशाच्या मेंदूतलं एन्झाइम कागदाच्या पट्टीवर सुकवायचं, पट्टी पाण्यात बुडवायची आणि वर रंग आणणाऱ्या रसायनाचा थेंब टाकायचा. एन्झाइम शाबूत असेल तर पट्टी निळी होते. पाण्यातल्या विषाने ते मारलं तर पट्टी पांढरीच राहते. पेणच्या बाजारातले मासे घेऊन केलेल्या पट्ट्या कधी चुकल्या नव्हत्या. नेमकी आजच माशी शिंकली.

"शुद्ध पाणी ओळखत नाही, ती पट्टी खाडीचं काय सांगणार?" असं म्हणत साहेबांनी 'चाचणी अविश्वसनीय' असा शेरा मारला. खाडीच्या पाण्याच्या बाटलीचं बूचही त्यांनी उघडू दिलं नाही. मग बिस्किटं खाल्ली, चहा घेतला.

दाराशी धोंडुबाई उकिडवी बसली होती. खाडीकाठच्या गावातली मासेविक्री करणारी म्हातारी; बाजाराला निघालेली बोय माशांची पाटी पुढ्यात.

"माजंच मेलीचं चुकलं गो बाय," ती हळूच म्हणाली. "मीच बोलले तुला, पानी आमचे खाडीचं, तं बोय पन आमचीच घे. पेनची कशाला?"

नूतन चमकली. खरंच की! मागच्या आठवड्यात धोंडुबाईने हक्काने बोयची डोकी आणून दिली होती, आणि आजच्या पट्ट्या तिने त्यांच्याच केल्या होत्या. तिने थर्मास उपसला. तळाशी पेणच्या माशांच्या चार पट्ट्या उरल्या होत्या. एक शुद्ध पाण्यात बुडवून थेंब टाकला. निळीशार! दुसरी खाडीच्या पाण्यात बुडवली. पांढरी.

दोन्ही पट्ट्यांची कृती एकच. फरक होता तो फक्त माशांचा. रोह्याच्या बोयचं एन्झाइम पट्टीवर यायच्या आधीच, खाडीत पोहता पोहता मेलं होतं.

ती धावत साहेबांच्या जीपपाशी गेली. "सर, माझी पट्टी चुकलेली नाही! इथल्या माशांच्या मेंदूतच विष गेलंय. ही बघा."

"आता शेरा लिहून झालाय, मॅडम. पुढच्या पाहणीला बघू."

"आणि तोवर लोकांनी हेच मासे खायचे?"

"इतकी वर्षं खातायतच की."

जीप धूळ उडवत गेली. तिच्यावर दगड भिरकावावा असं नूतनला मनापासून वाटलं. निर्लज्ज माणसं! बिस्किटाचा चुरा अजून ओठाला होता, आणि हे लोकांच्या ताटातलं ठरवणार!

परत येऊन तिने धोंडुबाईला सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, काही न लपवता.

"म्हंजे बोयचं डोकं जित्तेपनीच मेलं?"

"हो, मावशी."

धोंडुबाई पाटीकडे बघत राहिली. "मी तं नातीला डोकीच चारते गो. साळंत डोकं चालावं म्हनून."

म्हातारीने उठून पाटी डोक्यावर घ्यायला हात लावायला सांगितलं, तेव्हा नूतनने तो लावला.

संध्याकाळी एसटी स्टँडकडे जाताना नूतन मुद्दाम बाजारातून गेली. धोंडुबाई आपल्या ठरल्या जागी बसली होती. पाटीवर ओलं फडकं घट्ट झाकलेलं. नदीकाठची कंपनी चालू होती, साहेबांची जीप चालू होती. धंदा बंद ठेवला होता तो या एका म्हातारीने.

एक गिऱ्हाईक वाकलं. "बोय कशी दिलीस?"

"इकायची नाय."

"मग बसलीस कशाला?"

"जागा माजी हाय," धोंडुबाई म्हणाली, आणि फडक्यावरच्या माशा हाकत राहिली.