ही म्हणजे कोण

काकांचं पुस्तक होतं शिलाई मशीनच्या दुरुस्तीवर, आणि घरात भांडण पेटलं ते त्याच्या सूचीवरून.

छपाईसाठी संगणकावर पुस्तकं जुळवून देणं हा पुतणीचा धंदाच. सूचीची तिची पद्धत सोपी होती: मजकुरात हव्या त्या शब्दाला एक आज्ञा जोडायची, की संगणक पानांचे आकडे गोळा करून शेवटी यादी लावून देतो. पट्टा, बॉबिन, शटल सगळे शहाण्यासारखे रांगेत उभे राहिले. काकूने कच्ची प्रत हातात घेतली ती थेट शेवटून उघडली. बोट वरून खाली नेलं, खालून परत वर आणलं.

"यात मी कुठंय?"

प्रश्न रास्त होता. मशीन खोलायचे काका, पण दुखणं ओळखायची काकू. पायडल जरा हलवून बघायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, काय अडकलंय आणि कुठे. पुस्तकात ते सगळं आलंही होतं. फक्त काकांनी जन्मात कधी बायकोचं नाव घेतलं नव्हतं. पानोपानी आपलं "ही म्हणाली, शटल घासतंय" आणि "हिने पट्टा काढायला लावला". आता "ही" सूचीत कुठल्या तोंडाने घालणार?

"बरंय," काकू म्हणाली, "बॉबिनला जागा आहे, मला नाही." आणि आत जाऊन शिवायला बसली. तेव्हापासून काकांच्या "अगं"ला उत्तर येईना.

छापखान्याला फाईल संध्याकाळपर्यंत हवी होती. काकांचं तोंड एवढंसं झालं. "काहीतरी कर गं," ते पुतणीला म्हणाले. "पुस्तक येईल, पण ही माझ्याशी बोलायची नाही."

पुतणीने एक नवी आज्ञा बनवली आणि तिचं नावच ठेवलं "ही". काकांनी शेजारी बसून कुठली "ही" म्हणजे काकू ते दाखवायचं, तिने तिथे आज्ञा जोडायची. पण मजकूर टाइप करायच्या ज्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे एडिटरमध्ये, ती काम करायची, तो या आज्ञेला ओळखच देईना. जुन्या आज्ञा कशा निळ्या व्हायच्या, बाजूच्या खिडकीत त्यांची यादी दिसायची. ही बिचारी काळीच राहिली. मग कुठली सुटली आणि कुठली चुकून लागली, हे कळणार कसं? तेव्हा पुतणीने एडिटरच्या सेटिंगची फाईल उघडली आणि त्याला लिहून कळवलं, की बाबा रे, ही पण सूचीचीच आज्ञा आहे, हिलाही तोच मान दे.

आज्ञा कुठली आणि साधा शब्द कुठला, हे एडिटरला आधीच्या तिरप्या रेघेवरून कळतं; घाईत ती रेघच राहून गेली. एडिटर सांगितलं तेवढंच ऐकणारा. दिसेल ती "ही" त्याने निळी करून टाकली. तेलही काकू, सुईही काकू, आणि "काहीही झालं तरी नटही ढिला ठेवू नये" यात तर तीन काकू! बाजूच्या खिडकीत वरपासून खालपर्यंत नुसतं ही ही ही ही.

"हा हसतोय का मला?" काकांनी विचारलं.

पुतणीची हसून हसून मुरकुंडी वळली. डोळे पुसत तिने रेघ टाकली. खिडकी रिकामी झाली, आणि मग एकेक खरी "ही" येऊन बसू लागली. काका पडद्यावर बोट ठेवत होते. "ही, ही. ही नव्हे, ही सुई. ही मात्र हीच." यादी वाढत वाढत शटलच्याही पुढे गेली, तसं काकांचं बोट पडद्यावरच थांबलं.

"एवढ्या वेळा?"

"तुम्हीच लिहिलंय, काका."

काकांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

"आता सूचीत काय छापायचं, ते एकदाच सांगायचं," पुतणी म्हणाली. "बाकी सगळीकडे आपोआप जाईल."

"काकू असं लिही."

"ती काकू माझी. वाचणाऱ्याची कोण? नाव लिहा." तिने कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला.

काकांनी एका बोटाने पहिलं अक्षर उमटवलं. दुसऱ्यापाशी अडले. "हिची वेलांटी पहिली की दुसरी?"

"अहो काका! इतकी वर्षं संसार केलात ना?"

"केला. लिहिला नाही कधी."

"मग जिचं नाव तिलाच विचारा."

"अगं," काकांनी आवाज दिला. आत मशीन चालूच. "ऐकलंस का?" मशीन आणखी जोरात. काकांनी दाराकडे पाहिलं, पुतणीकडे पाहिलं, घसा खाकरला आणि हाक मारली. नावाने.

मशीन थांबलं. काकू दारात येऊन उभी राहिली, हातात अर्धी शिवलेली बाही तशीच. तिचा असा चेहरा पुतणीने आजवर पाहिला नव्हता. पुतणीलाच एकदम भरून आलं, म्हणून ती उगाच सेटिंगची फाईल वरखाली करत बसली.

"वेलांटी," काका जमिनीकडे बघत पुटपुटले. "पहिली की दुसरी?"

"सांगते," काकू म्हणाली. "आधी परत एकदा म्हणा."