हेडसरांचं शुद्ध तेल

हेडसर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या बायकोला वाटलं होतं, आता घरात जरा शांतता नांदेल. झालं उलटंच. अख्ख्या शाळेला पुरून उरेल एवढा उपदेश आता एकट्या तिच्या वाट्याला आला. पोस्टाच्या काउंटरवर दिवसभर लोकांची कटकट ऐकून ती घरी यायची, की दारातच सुरू व्हायचं. नळ असा बंद करावा, दिवा तेव्हा लावावा, पृथ्वीचं पुढे कसं होणार.

मग कुठेसं त्यांच्या वाचनात आलं, की तळणीचं वापरलेलं तेल स्वच्छ करून त्यापासून घरच्या घरी डिझेल बनवता येतं. दारात जुनी डिझेल जीप होतीच. झालं, हेडसरांना आयुष्याचं ध्येय सापडलं!

आता वापरलेलं तेल आणायचं कुठून? तर बायकोच्या धाकट्या भावाकडून. धाकट्याचं बटाट्याचे काप तळून विकायचं दुकान होतं. त्याच्या अंगाला वास येतो म्हणून हेडसर त्याच्याजवळ कधी बसायचे नाहीत. चारचौघांत ओळख करून द्यायची वेळ आलीच, तर "आमचे मेहुणे, खाद्यव्यवसायात असतात," एवढं बोलून विषय बदलायचे. आता तेच हेडसर हातात रिकामे कॅन घेऊन दुकानाच्या मागच्या दाराशी उभे राहू लागले.

"बसा ना भाऊजी," धाकटा उपडं खोकं पुढे सरकवून म्हणायचा. "एवढी गर्दी ओसरू दे."

गर्दी काही लवकर ओसरायची नाही. बायकोला हे कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून हसली.

गॅरेजमध्ये सेंट्रिफ्यूज आलं. म्हणजे पत्र्याचं एक पिंप, त्यात मोटरवर गरगर फिरणारा जाड धातूचा वाडगा. तेल आधी तापवायचं, मग बारीक धारेनं फिरत्या वाडग्यात सोडायचं. जड गाळ आणि पाणी वाडग्याच्या कडेला दाबलं जायचं आणि स्वच्छ तेल काठावरून बाहेर पडायचं. यंत्र सुरू झालं, की कपाटातली भांडी थरथरायची आणि शेजारी खिडक्या लावून घ्यायचे.

यंत्रानं मात्र काम चोख केलं. डांबरासारखं आत गेलेलं तेल सोनेरी होऊन बाहेर आलं. खरा गोंधळ पुढे. त्या तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून हेडसरांनी डिझेल करायला घेतलं आणि पिंपात तयार झाला फेसाळ, थलथलीत साबण! तेल पुरेसं तापवलं नव्हतं, पाणी आत राहिलं होतं. पण चूक कबूल करतील तर ते हेडसर कसले?

"तू मध्येच दार उघडलंस," ते बायकोला म्हणाले. "हवा आत शिरली."

दुसऱ्या खेपेलाही साबणच झाला. त्या दिवशी ती पोस्टात होती, म्हणून दोष हवामानाला गेला. मग हेडसरांनी डिझेलचा नाद सोडला आणि नुसतंच तेल स्वच्छ करत बसले. सोनेरी तेलाच्या बाटल्या खिडकीत मांडून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचे.

एकदा रिकामे कॅन न्यायला धाकटा घरी आला. त्यानं बाटली उजेडात धरली, हुंगली, बोटावर थेंब घेतला.

"भाऊजी, हे तर नव्यासारखं दिसतंय! असं कुणाला जमत नाही हो."

असं त्यांना निवृत्तीनंतर कुणीच म्हटलं नव्हतं. हेडसर विरघळले. धाकटा जाताना चार भरलेले कॅन घेऊन गेला. बायकोनं विचारलं तर म्हणाले, "त्याच्या टेम्पोत घालून बघणार आहे." तिनंही विश्वास ठेवला.

पुढे शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं. हेडसर प्रमुख पाहुणे, खाण्याचं काम धाकट्याकडे. 'कचऱ्यातून समृद्धी' या विषयावर हेडसर लांबलचक बोलले. मग मुलांच्या रांगा लागल्या, कागदी पुड्यांतून गरमागरम काप वाटले जाऊ लागले. एक पुडा आदरानं हेडसरांपुढे आला. त्यांनी तो दोन बोटांनी बाजूला सारला.

"नको. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय."

बायको शेजारीच बसली होती. डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर तीच जायची. असं काही डॉक्टर बोलले नव्हते. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, कढईमागे उभ्या भावाकडे पाहिलं आणि कढईशेजारचा कॅन ओळखला. झाकण तुटलं म्हणून त्याच्या तोंडाला तिनंच स्वतःच्या जुन्या साडीची चिंधी बांधली होती.

"पोरांना चालतं आणि तुम्हाला चालत नाही होय?" ती हळूच म्हणाली.

"अगं, शुद्ध आहे ते."

"मग खा."

हेडसर छताकडे बघू लागले.

ती उठली, सरळ कढईमागे गेली आणि गॅस बंद केला. "सिलिंडरमधून वास येतोय," ती मोठ्यानं म्हणाली. "पोरांना आधी बाहेर काढा." शिक्षकांनी पटापट मैदान गाठलं, मुलं मागोमाग. धाकटा पुटपुटला, "ताई, कुठे वास येतोय?"

"जळक्या तेलाचा येतोय. आणि तुझं तोंड बंद ठेव, नाहीतर वास कसला ते मी माइकवर सांगेन."

घरी परतताना तिनं पंपावर जीप थांबवायला लावली आणि कॅनभर डिझेल घेतलं. घरी आल्यावर गॅरेजमधल्या सोनेरी तेलाच्या प्रत्येक कॅनमध्ये ते थोडं थोडं ओतलं. हेडसर कळवळून ओरडले, "अगं, वाया घालवलंस! आता हे कोण खाणार?"

स्वतःच्या तोंडून काय निघालं हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. ती हसली नाही. "आता जीपलाच खायला घाला," म्हणाली आणि हात धुवायला निघून गेली.

धाकटा बरेच दिवस बहिणीशी बोलला नाही. नवं तेल विकत घ्यावं लागतं, म्हणून गिऱ्हाइकांपुढे महागाईला शिव्या देत राहिला. आणि हेडसरांनी, दुसरं काही करता येईना म्हणून, ते मिश्रण जीपमध्ये ओतलं. जीप खोकत, ठसकत, काळा धूर सोडत का होईना, पण चालली!

आता ते गावभर सांगत फिरतात, की तेलात डिझेल मिसळायची कल्पना त्यांना एकाएकी सुचली. बायको जीपमध्ये शेजारी असली, तर ती सावकाश काच खाली करते आणि बाहेर बघत बसते.