चढावरचा रिव्हर्स

उमरी सोडून पाच-सहा किलोमीटर आल्यावर आनंदराजचं लक्ष मीटरकडं गेलं. काटा शून्यावर पडला होता. गाडी चांगली पळत होती, इंजिनाचा आवाजही नेहमीचाच, पण पेट्रोलचा काटा मेलेला आणि इंडिकेटर टाकला तरी टिकटिक नाही. सलग तिसऱ्या रविवारी हेच झालं होतं. भोकर, तामसा करत हदगावपर्यंत तो प्रत्येक वळणावर खिडकीतून हात बाहेर काढत आला.

आनंदराज पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होता. रोजचं फिरणं मोटरसायकलवर. ही जुनी पांढरी गाडी त्यानं गेल्या दिवाळीत घेतली होती आणि ती रविवारीच बाहेर निघायची. बायकोला, शिल्पाला, तो सांगायचा, भोकरला दोस्ताकडं जाऊन येतो. ती जास्त काही विचारायची नाही. शिलाई मशीनवरून मान वर न करता 'बरं' म्हणायची.

हदगावात तामसा रोडला मल्लप्पाचं दुकान होतं. मल्लप्पा मूळचा देगलूरकडचा, साठीला टेकलेला. तीस वर्षं गाड्यांची वायरिंग करत आलेला माणूस.

"परत गेला?" गाडी बघताच त्यानं विचारलं.

"हाव मामा. तोच."

मल्लप्पानं डॅशबोर्डखालचं झाकण काढलं, चिमट्यानं निळा छोटा फ्यूज ओढला आणि उजेडासमोर धरला. आतली तार तुटून काळी पडली होती.

"ह्या एका फ्यूजवर मीटर, इंडिकेटर आन् मागचा रिव्हर्सचा दिवा चालतो. ह्यातलीच एखादी वायर बॉडीला लागून राहिली. उगंच फ्यूज जात न्हाई, साहेब."

पहिल्या खेपेला त्यानं नुसता फ्यूज बदलला होता. दुसऱ्या खेपेला इंडिकेटरचे सगळे बल्ब काढून होल्डर घासले होते. या वेळी त्यानं गाडी दोन दिवस ठेवून घेतली. स्वतः तामशाला नेऊन आणली, खड्ड्यांतून घातली, दुकानासमोर उभी करून तास-तास इंडिकेटर चालू ठेवला. फ्यूज जागचा हलला नाही.

"माझ्याकडं गाडी शहाण्यासारखी वागती," किल्ली देताना तो म्हणाला. "नेता तरी कुठं तुम्ही तिला?"

"कुठं न्हाई. भोकरपर्यंत." मग आनंदराजनं घाईनं विषय बदलला. "मामा, जरा मोठाच फ्यूज टाका की. तीसचा टाकला तर जाणारच न्हाई."

"फ्यूज जाणार न्हाई, वायर जळंल. असलं काम मी करत न्हाई."

चौथ्या रविवारी फ्यूज पुन्हा गेला.

मंगळवारी तो दुकानावर निघाला तेव्हा शिल्पाही गाडीत बसली. तिला बाजारातून अस्तर आणि दोरा घ्यायचा होता. बाजार उरकून दोघं मल्लप्पाकडं आले. शिल्पा दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि पिशवीतल्या दोऱ्याच्या रिळांचे रंग बघू लागली.

मल्लप्पानं आज लगेच बॉनेट उघडलं नाही. पान्हा बाजूला ठेवून तो डॉक्टरसारखा एकेक विचारत गेला. पाऊस होता का? नव्हता. मागं कोणी बसलं होतं? कोणी नाही. फ्यूज जाताना जातो की येताना?

"येताना."

"म्हंजे पोचेपर्यंत ठीक असतो. तिथं गाडी थांबवता, मग निघता. निघाल्या निघाल्या काटा बघितला का?"

"तेव्हा न्हाई बघत. पुढं आल्यावर ध्यानात येतं."

मल्लप्पानं बॉनेटवर हात ठेवला. "मी रिव्हर्स टाकून बघितलं होतं. दिवा लागला, फ्यूज शाबूत. पण गाडी उभी होती माझी. चढावर मागं घ्यायचं म्हटलं की इंजिन जोर लावतं, जाग्यावर कलतं. तेव्हाच वायर टेकत असंल. साहेब, तुम्ही दर रविवारी कुठंतरी चढावर रिव्हर्स घेऊन राहिले. बरोबर का?"

भोकरच्या दोस्ताचं घर बाजारपेठेत, अगदी सपाटीला होतं. शिल्पा तिथं दोनदा जाऊन आली होती. तिनं रिळं पिशवीत टाकली आणि आनंदराजकडं पाहिलं.

"उमरीला," तो शेवटी म्हणाला. मल्लप्पाला नाही, तिला. "स्टेशनामागची गल्ली उतरती हाय. शेवटाला भिंत. गाडी वळवायला जागा न्हाई, वरपर्यंत रिव्हर्सच घ्यावं लागतं."

त्या गल्लीत मनिषा राहत होती.

आनंदराजचा धाकटा भाऊ सुगत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. मनिषा त्याची बायको. पदरात दीड वर्षाची बुद्धप्रिया. आनंदराज-शिल्पाला मूल नव्हतं. सुगत गेल्यावर त्या दोघी हदगावला त्यांच्याच घरी आल्या आणि बुद्धप्रिया रात्री या दोघांच्या मधे झोपू लागली. ती त्यांना मोठे पप्पा आणि मोठी आई म्हणायची. पुढं तीन वर्षांनी आनंदराजनंच मनिषाला समोर बसवून सांगितलं, तुझं वय काय, सगळं आयुष्य असंच काढायचं न्हाई. त्यानंच स्थळ शोधलं. संघपाल, उमरीला रेल्वेत नोकरीला, साधा माणूस. लग्न लागलं आणि साडेचार वर्षांची पोर आईबरोबर उमरीला गेली.

लग्नानंतर महिन्याभरानं हे दोघं भेटायला गेले. निघताना पोरीनं शिल्पाच्या साडीचा पदर असा धरला, की बोटं एकेक करून सोडवावी लागली. दोन दिवस ती जेवली नाही. मनिषानं फोन केला. रडत होती. "भावजी, थोडे दिवस येऊ नका. तिला इथं रुळू द्या." आनंदराज म्हणाला, बरोबर हाय तुझं. त्या थोड्या दिवसांना आता चौदा महिने झाले होते. तिकडून कोणी 'या' म्हटलं नाही, इकडून कोणी 'येऊ का' विचारलं नाही. घरात पोरीचं नाव निघणंही हळूहळू थांबलं.

मल्लप्पानं बॉनेट उघडलं आणि डोकं आत घालून त्यांच्याकडं पाठ केली.

"दिसती का ती?" शिल्पानं विचारलं.

"दोनदा दिसली. एकदा ओट्यावर बसली होती चप्पल घालत. एकदा नुसताच आवाज."

"केस?"

"दोन वेण्या."

"कोण घालतंय... मनिषाच घालत असंल." शिल्पाचा आवाज बारीक झाला. "वाळलीय का?"

"उंच झालीय."

"तुम्ही खाली उतरला न्हाई?"

"येऊ नका म्हटली होती ना ती. मी काच पण खाली करत न्हाई. ही गाडी त्यांनी बघितलेली न्हाई. पाच मिनिटं थांबतो आन् निघतो."

शिल्पा उठली. "एवढे रविवार एकटेच बघून आले," ती म्हणाली. "मला घरात ठेवून."

"सापडली!" मल्लप्पा आतूनच ओरडला. गिअरबॉक्सवर रिव्हर्सचा एक स्विच असतो. त्याला जाणाऱ्या वायरीची क्लिप तुटली होती. वायर सैल पडून लोखंडी पट्टीवर घासली होती आणि नखाएवढ्या जागी तांबं उघडं पडलं होतं. आनंदराज वाकून बघत राहिला. एवढीशी जागा. मल्लप्पानं तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडली, तिच्यावर रबरी नळी चढवली आणि दोन ठिकाणी पक्की बांधली. मग आनंदराजला शेजारी बसवून गाडी पुलाजवळच्या चढावर नेली आणि खालून वरपर्यंत रिव्हर्स घेतली. एकदा, दोनदा, पाच वेळा. काटा शून्यावर पडला नाही.

"आता कितीबी रिव्हर्स घ्या," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण साहेब, एवढ्या लांब जाऊन सरळ आत जावं माणसानं."

घरी आल्यावर शिल्पानं चहा टाकला नाही, दिवा लावला नाही. ओट्यावर बसून तिनं फोन मागितला. आनंदराजनं नंबर लावून दिला आणि तो अंगणात जाऊन उभा राहिला. तिथून त्याला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं.

"मनिषा, मी शिल्पा... हाव. बरी हाय. तू?... मनिषा, आम्ही येऊन जाऊ का एकदा?... न्हाई, न्यायचं न्हाई. न्यायचं नावच काढणार न्हाई. बघून येतो नुसतं." मग बराच वेळ काहीच नाही. मग, "बरं. बरं, बाळा."

तिनं फोन ठेवला. "रविवारी जेवायलाच या म्हटली. संघपालला विचारावं लागंल असं पण न्हाई म्हटली."

पुढच्या चार रात्री मशीन उशिरापर्यंत चालू राहिलं. शिल्पानं आकाशी रंगाचा फ्रॉक शिवला, गळ्याला पांढरी पायपिंग, मागं दोरीची गाठ. माप कुणाला विचारलं नाही. आनंदराजनं हात जमिनीपासून वर धरून "एवढी असंल" असं एकदा दाखवलं, तर ती म्हणाली, "मला म्हाईत हाय."

रविवारी आनंदराजनं गाडी पहिल्यांदाच गल्लीच्या वर, मोठ्या रस्त्यावर उभी केली. दोघं उतार चालत गेले. दार संघपालनंच उघडलं. "जय भीम भाऊ, या, या," म्हणत त्यानं पिशवी हातातून घेतली. आतून मनिषा आली, शिल्पाला मिठी मारून तिथंच उभी राहिली. मनिषाला दिवस गेले होते. सहावा महिना असावा. शिल्पानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

बुद्धप्रिया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. समोरचे दोन दात पडलेले. पाहुण्यांकडं बघावं तसं ती बघत होती.

"प्रियू, ये ना," मनिषा म्हणाली. "मोठी आई आलीय तुझी."

पोर दोन पावलं आली आणि संघपालच्या पायाला टेकून थांबली. "पप्पा, ह्या हदगावच्या का?" तिनं हळूच विचारलं.

"हाव, हदगावच्या," संघपाल म्हणाला. त्यालाही अवघडल्यासारखं झालं होतं. आनंदराज भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघू लागला.

फ्रॉक अंगात गेला नाही. बाह्या काखेत अडकल्या, घेर गुडघ्याच्या फार वर राहिला. शिल्पा हसली, "वाढली की गं तू, मला न सांगता," आणि फ्रॉकची नीट घडी घालून पिशवीत ठेवला. जाताना दोरीनं माप घेईन म्हणाली. जेवणं झाली. वरण-भात, बटाट्याची भाजी, मनिषानं केलेल्या शेवया. बुद्धप्रिया समोर बसून जेवली आणि अधूनमधून शिल्पाकडं बघत राहिली. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असावी.

"तुमच्याकडं मांजर होती ना?" तिनं अचानक विचारलं. "पांढरी. मशीनखाली बसायची ती."

शिल्पाचा घास हातातच राहिला. "हाव गं. होती की."

"आता हाय का?"

"हाय ना. तिला पिल्लं झाली."

आनंदराजनं मान खाली घातली. ती मांजर पोर गेल्यावर पंधरा दिवसांतच घर सोडून गेली होती. परत फिरकलीही नव्हती.

"किती?" बुद्धप्रिया आता सरकून जवळ आली होती.

"तीन. दोन पांढरी, एक काळं-पांढरं."

"मला धरू देतील?"

"तू आलीस तर देतील."

पोरीनं आईकडं पाहिलं. मनिषानं नवऱ्याकडं. संघपाल ताटातला भात कालवत म्हणाला, "दिवाळीच्या सुट्टीत जाऊ दे की चार दिवस. मीच सोडून येतो." मनिषानं हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. जेवण झाल्यावर शिल्पानं दोरीनं पोरीचं माप घेतलं, खांदा, छाती, उंची. प्रत्येक मापाला दोरीला गाठ मारत होती. पोर हात पसरून उभी राहिली, काळ्या-पांढऱ्या पिल्लाचं नाव काय ठेवायचं ते सांगत. निघताना ती दारापर्यंत आली, हात हलवला आणि टीव्हीसमोर जाऊन बसली. या वेळी कोणाची बोटं सोडवावी लागली नाहीत.

दोघं गल्लीचा चढ चढून वर आले. शिल्पाला दम लागला होता की आणखी काही, आनंदराजनं विचारलं नाही. गाडी भोकरला आली. मग तो म्हणाला, "पांढरी मांजर कुठून आणायची आता? आन् पिल्लं पण रंग बघून?"

शिल्पा दोरी मांडीवर ठेवून एकेक गाठ चाचपत होती.

"दिवाळीला दोन महिने हायेत," ती म्हणाली. "बघू कुणाकडं."