मुंबईहून आलेली बर्था

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटकाची नटी मुंबईची लागते. ती जन्मली कुठे हा प्रश्न नाही. पोस्टरवर मुंबई हवी. म्हणून कंपनीचे मालक लच्छूभाऊंनी धानोऱ्याजवळच्या सोमारीला 'मिस करिश्मा, मुंबई' केलं. अट एकच: सीझनभर झाडी बोली नाही, गोंडी तर नाहीच, आणि नातेवाईक समोर आले तरी ओळख नाही. बिंग फुटलं की काम गेलं.

यंदाचं नाटक माझं. जर्मन राजकन्या बर्था सम्राटाशी लग्न करायला कॉन्स्टँटिनोपलला जाते. तिथे तिचं नाव बदलून इरिनी करतात आणि लग्नासाठी तीनेक वर्षं ताटकळत ठेवतात. विषय झाडीला नवा, म्हणून लच्छूभाऊंनी मधे दोन लावण्या घातल्या. सम्राटाची हरकत नव्हती.

"भाऊ, हिच्या बोलीत बोलणारं कोणी होतं का तिथे?" तालमीत सोमारीने मला शुद्ध मराठीत विचारलं.

"दासी असतील सोबत."

"म्हणजे मजेत होती."

सावली गावातल्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी ती मंडपामागे केस विंचरत बसली होती. पंधरावीस लोक मुंबई पाहायला जमले होते. त्यांतून एक म्हातारी पुढे आली. सोमारीची माय, ठमाबाई. सीझनच्या सुरुवातीला लेकीला सोडायला आली होती, तेव्हा आम्ही पाहिलेली. लच्छूभाऊंचा चेहरा पडला. सोमारी अर्धी उठली.

ठमाबाई जन्मात लेकीशी गोंडीशिवाय बोललेली नाही. तिने हात जोडले.

"नमस्कार बाई. मुंबईहून कवा आल्या?"

सोमारी हळूच खाली बसली. "परवाच, मावशी."

"आमच्या रानातली बोरं हायेत. तुमच्याकडं भेटत नसतीन."

"नाही भेटत."

"लय वाळून राह्यल्या तुमी. खात जा काई."

"अवो मावशी, हिरोइनी जेवत नसतेत!" गर्दीतून कोणी ओरडलं. "फिगर जाते!"

सगळे हसले. ठमाबाईही हसली, पदर सावरला आणि बस स्टँडकडे निघाली. नाटकाला थांबली नाही.

लच्छूभाऊंनी घाम पुसला. "म्हातारीलेच घ्या ना पुढच्या नाटकात," माझ्या कानात म्हणाले, "पोरीपेक्षा भारी करते!"

गर्दी पांगल्यावर सोमारी पहिल्यांदाच माझ्याशी झाडी बोलीत बोलली. "भाऊ, बर्थाची माय आली होती का तिले भेटाले?"

"नाही. फार दूर होतं."

"बरं झालं," ती म्हणाली.